‘चार्ज’ आणि मराठीचें दारिद्र्य

इंग्रजी ‘चार्ज’ या शब्दास मराठींत नेमका प्रतिशब्द नाहीं, सबब कारखान्यांतील भाषा इंग्रजीच असावी, असा सिद्धान्त पिंपरीपासून चाकणपर्यंत अनेक सुशिक्षितांच्या मुखीं ऐकूं येतो. तो आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

पाळी बदलतांना देतात तो कार्यभार. विजेच्या बिलावरील तो आकार. फौजदारी न्यायालयांतला तो दोषारोप. पदार्थविज्ञानांतला तो विद्युत्प्रभार. आणि पोलिसांच्या लाठीचा तो मार. एका शब्दासाठीं आमच्याजवळ पांच शब्द आहेत. यास दारिद्र्य म्हणावें कीं श्रीमंती?

फ्रेंचांकडे पाहावें. हा शब्द इंग्रजीनें जुन्या फ्रेंचमधूनच उचलला. त्याच्या मुळाशीं लॅटिन ‘कार्रुस’, म्हणजे गाडा, आहे. गाड्यावर ओझें लादणें हा त्याचा आद्य अर्थ मोटारी घडविणाऱ्या या पट्ट्यास शोभूनच दिसतो! तथापि इंग्रजी मजकुराचें भाषांतर करतांना फ्रेंच मनुष्य विजेच्या संबंधांत ‘शार्ज’ लिहितो, पैशाच्या संबंधांत ‘फ्रे’ लिहितो, आणि ज्याच्याकडे चार्ज आहे त्यास ‘रेस्पाँसाब्ल’ म्हणतो. घरचाच शब्द परत घेतांनाही तो अर्थ पारखून घेतो. आपली भाषा दरिद्री म्हणून रडत बसत नाहीं.

उलटपक्षीं आमचे कांहीं शुद्धिवादी कोशांतील एकच प्रतिशब्द सर्वत्र चिकटवूं पाहतात. तेंही तितकेंच घातक होय. यंत्रावर ‘प्रभारित संधारित्र’ अशी पाटी लाविली, तर ‘प्रभारी मुख्याध्यापक’ तेवढे ठाऊक असलेल्या कामगारानें तिजवरून काय बोध घ्यावा? ‘वीज तोडल्यावरही आंत वीज साठलेली असते, हात लावूं नये’ हें खरें भाषांतर, कारण त्यानें प्राण वाचतो.

1948 च्या कारखाना अधिनियमानें सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेंत लावण्याची आज्ञा केली होती. कायद्यानें ‘समजणारी’ भाषा मागितली, ‘शुद्ध’ नव्हे. बॅटरी ‘चार्ज’ करणें रूढ झालें आहे. तें खुशाल राहो. परंतु भाषांतर शब्दाचें नव्हे, प्रसंगाचें करावयाचें असतें. आणि जेथें प्रसंग जिवावरचा, तेथें इंग्रजीच्या आड लपणारा व कोशाच्या आड लपणारा, हे दोघेही त्या कामगाराचे सारखेच अपराधी होत.