काटाही त्याचाच, निवाडाही त्याचाच

बचत गटाच्या बायका आता पापड, मसाले, हळद मोबाईलवरून विकू लागल्या आहेत. शेतकऱ्यांची पोरे काजू-बेदाणा थेट शहरातल्या गिऱ्हाइकाला पाठवतात. गोष्ट चांगलीच आहे. पण मोठ्या ऑनलाइन बाजारात माल लावणाऱ्याला अडचण विचारा. ‘अडचणी पुष्कळ आहेत, पण माझं नाव नको,’ असेच तो म्हणेल.

ही भीती शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. आडत्याकडून उचल घेतलेला शेतकरी काटा मारलेला डोळ्यांनी पाहायचा आणि गप्प बसायचा. पुढच्या हंगामात माल त्याच्याच दारात न्यायचा असे. इथेही तेच. दुकान कंपनीचे, गिऱ्हाईक कंपनीचे आणि पैसाही आधी कंपनीकडेच जमा. कमिशन, पाठवणी, परत आलेल्या मालाचा खर्च कापून उरेल ते विक्रेत्याचे. तक्रार केली आणि खाते बंद झाले तर पैसे अडकतात, गिऱ्हाइकांचे चांगले शेरे जातात, वर्षांची मेहनत पाण्यात जाते. खाते चालू ठेवून माल नुसता यादीत खाली ढकलला तरी विक्री बसते. ते मुद्दाम केले, हे सिद्ध कसे करायचे? करारात बहुधा लवादाची अट असते, आणि लवाद दूरच्या महानगरात. दोन हजारांच्या कपातीसाठी तिकडे कोण खेटे घालणार? अशा माणसाला भित्रा म्हणू नये. त्याने हिशेब केलेला असतो.

संघटनेलाही हा रस्ता सोपा गेला नाही. दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये अमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला. ठरावीक विक्रेत्यांना झुकते माप दिले जाते, हा मुख्य आरोप होता. कंपन्या कर्नाटक उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. चौकशीचा मार्ग मोकळा व्हायला ऑगस्ट २०२१ उजाडला. एकटा विक्रेता इतके दिवस तग धरेल काय?

युरोपीय संघाने यावर २०१९ मध्ये नियम केला. तो जुलै २०२० पासून लागू आहे. खाते रोखायचे तर कारण लेखी द्यावे लागते. सेवा कायमची बंद करायची तर साधारणपणे ३० दिवस आधी कळवावे लागते. विक्रेत्यांच्या वतीने त्यांची संघटनाही कोर्टात जाऊ शकते. आपल्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत ग्राहकाची तक्रार ४८ तासांत नोंदवून महिन्यात निकाली काढण्याचे बंधन आहे. विक्रेत्याच्या तक्रारीला मात्र अशी मुदत नाही. ती सरकारने घालावी.

शेतकऱ्याचा काटा एकट्याच्या भांडणाने सरळ झाला नाही. त्यासाठी १९६३ चा बाजार समिती कायदा लागला. उघडा लिलाव आणि हिशेबपट्टी त्यातून आली. तो कारभारही निर्मळ राहिला नाही, हे खरे. पण तक्रार घेऊन जायला एक दार तरी झाले.

तोवर गटांनी काही गोष्टी कराव्यात. सगळा माल एकाच कंपनीवर टाकू नये. कपातीचा प्रत्येक कागद जपावा. उमेदच्या प्रभाग संघांनी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी सभासदांच्या तक्रारी गोळा करून संस्थेच्या नावाने पुढे न्याव्यात. पंचायत समितीच्या अधिकाऱ्यांनी ऑनलाइन विक्रीचे नुसते प्रशिक्षण देऊन थांबू नये; करारात काय लिहिले आहे, तेही मराठीतून वाचून दाखवावे. एकटीचे खाते बंद करणे कंपनीला सोपे आहे. शंभर गट एका कागदावर सही करून आले, तर उत्तर द्यावेच लागेल.