विश्लेषण : औषध तेच, स्फटिक वेगळा, गोळीत फरक कशाने पडतो?

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे नवे नाही. उन्हात उभ्या बंद मोटारीत तो पन्नाशीही ओलांडतो. अनेक औषधांच्या पाकिटांवर मात्र ‘३० अंशांखाली ठेवा’ असे छापलेले असते. या सूचनेमागच्या कारणांपैकी एक गोळीतील स्फटिकांच्या रचनेत आहे.

डावा-उजवा रेणू म्हणजे काय?

दोन्ही तळहात सारखेच दिसतात, पण उजवा हातमोजा डाव्या हातात नीट बसत नाही. काही औषधांचे रेणूही असेच आरशातील प्रतिमेसारखे दोन प्रकारचे असतात. ही ‘कायरल’ औषधे. दोन्ही रेणू समप्रमाणात असतील, तर औषध ‘रेसिमिक’ म्हटले जाते.

स्फटिकामुळे काय बदलते?

वेदनाशामक आयब्युप्रोफेन सहसा रेसिमिक असते. त्याच्या स्फटिकात एक डावा आणि एक उजवा रेणू जोडीने बसतो. हे स्फटिक साधारण ७५ ते ७८ अंशांना वितळतात. वेदना कमी करण्याचे मुख्य काम ‘एस’ रेणूचे. तो वेगळा काढला की जोडीदारही ‘एस’च मिळतो, मांडणी बदलते आणि द्रवणांक ५० ते ५४ अंशांवर येतो. असे औषध पाण्यात अधिक विरघळते. पण गोळी दाबताना भुकटी यंत्राला चिकटण्याची आणि उष्णतेने मऊ पडण्याची जोखीम वाढते. चिंचोली एमआयडीसीसारख्या, औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या वसाहतींसाठी हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही.

रेणू वेगळे कसे करतात?

इथेही स्फटिकच कामी येतो. रक्तदाबावरील अॅम्लोडिपिनचा परिणाम जवळपास सगळा ‘एस’ रेणूमुळे होतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने (एनसीएल) तो वेगळा करण्यासाठी चिंचेत व द्राक्षांत आढळणारे टार्टारिक आम्ल वापरले. हे आम्ल स्वतः कायरल असल्याने दोन्ही रेणूंशी त्याचे वेगवेगळे क्षार बनतात. एक स्फटिकरूपात खाली बसतो, दुसरा द्रावणात राहतो. मग गाळून दोन्ही वेगळे करता येतात. या पद्धतीला २००३ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले.

रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

रेसिमिक अॅम्लोडिपिनच्या ५ मिलिग्रॅम गोळीत ‘एस’ रेणू निम्मा, म्हणजे २.५ मिलिग्रॅम असतो. त्यामुळे ‘एस-अॅम्लोडिपिन’ची २.५ मिलिग्रॅमची गोळी ही ‘अर्धा डोस’ नव्हे. नाव सारखे दिसले म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी बदलणे किंवा दोन घेणे धोक्याचे आहे. गोळ्या दुचाकीच्या डिकीत, मोटारीत वा खिडकीत ठेवू नयेत. कंपन्यांनीही पाकिटावरचे ते ‘एस’ अक्षर चष्म्याशिवाय वाचता येईल इतके ठळक छापायला हवे. एका अक्षराने डोस बदलत असेल, तर ते बारीक अक्षरांत लपून चालणार नाही.