सर्टिफिकेटची कटकट आणि रुग्णालयाचा सर्व्हर

इंटरनेटवरच्या सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या डिजिटल सर्टिफिकेटची मुदत आता टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या यांच्या संयुक्त मंचाने एप्रिल २०२५ मध्ये तसा निर्णय घेतला. पूर्वी ही मुदत जास्तीत जास्त ३९८ दिवसांची होती. १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस अशी ठरली आहे. चोरलेले किंवा चुकीच्या हाती पडलेले सर्टिफिकेट फार काळ वापरता येऊ नये, हा त्यामागचा एक हेतू. हेतू योग्यच आहे. आरोग्य सदरात मी हा विषय घेतला, कारण मुदत संपली की संगणक अडतो आणि अडलेला संगणक चालू करण्याचा सर्वांत सोपा मार्ग सर्वांत धोक्याचा आहे. तो म्हणजे तपासणीच बंद करून टाकणे.

केसपेपर, प्रयोगशाळेचे अहवाल, एक्स-रे, औषधसाठा हे सगळे आता सॉफ्टवेअरवर चालते. अशी बरीच सॉफ्टवेअर हल्ली ‘कंटेनर’ स्वरूपात येतात. प्रोग्रॅम आणि तो चालायला लागणारे सगळे सामान एकाच डब्यात भरलेले. या डब्याच्या तयार साच्याला ‘इमेज’ म्हणतात आणि इमेज जिथे साठवतात ते कोठार म्हणजे ‘रजिस्ट्री’. नवी आवृत्ती आली की रुग्णालयाचा सर्व्हर रजिस्ट्रीकडून इमेज मागवतो आणि चालू करतो. आपण रक्तपेढीतून पिशवी मागवावी तसेच हे आहे.

मागवताना सर्व्हर आधी रजिस्ट्रीला विचारतो, तू खरेच ती आहेस का? तिने दाखवलेले सर्टिफिकेट विश्वासातल्या संस्थेने दिलेले आहे का, त्यावरचे नाव जुळते का, मुदत आहे का, हे तपासून मगच देवाणघेवाण सुरू होते. काही ठिकाणी रजिस्ट्रीवर स्वतःच बनवलेले सर्टिफिकेट टाकलेले असते आणि बाकीच्या यंत्रांना ते ओळखायला शिकवलेले नसते. मग इशारा येतो आणि काम थांबते. डॉकर या लोकप्रिय प्रणालीत अशा रजिस्ट्रीचे नाव ‘इनसिक्युअर’ यादीत घालायची सोय आहे. ते नाव तिथे गेले की चुकीचे सर्टिफिकेटही डॉकर चालवून घेतो. सुरक्षित जोडणी मिळालीच नाही तर उघड्या जोडणीवरही काम करतो. अतिदक्षता विभागातला मॉनिटर सारखा वाजतो म्हणून त्याचा आवाज शून्यावर आणावा, तसला हा प्रकार. ही सोय चाचणीपुरती आहे. पण ‘तात्पुरते’ म्हणून केलेले बदल सरकारी इमारतीत किती वर्षे टिकतात, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता त्याच नेटवर्कवर एखादा घुसखोर आहे असे धरा. तो मधे उभा राहून ‘मीच रजिस्ट्री’ असे सांगू शकतो, कारण ओळख विचारणारे कोणी उरलेले नाही. दोन गोष्टी त्याच्या हाती लागतात. पहिली म्हणजे रजिस्ट्रीचा पासवर्ड. त्या पासवर्डला लिहिण्याचा अधिकार असेल, तर खऱ्या कोठारातलाच माल बदलता येतो. दुसरी म्हणजे सर्व्हरला हवी ती इमेज पाजण्याची संधी. मागणी ‘लेटेस्ट’ अशा मोघम नावाने केली असेल तर फसवणूक लक्षातही येत नाही. ‘नेहमीची गोळी द्या’ एवढेच सांगितल्यावर दुकानदार देईल ती नेहमीची! याउलट प्रत्येक इमेजला तिच्या मजकुरावरून काढलेला एक लांबलचक आकडा असतो. मागणीत तो आकडाच नेमका लिहिला, तर बदललेली इमेज सर्व्हर नाकारतो.

‘आमचे अंतर्गत नेटवर्क आहे, बाहेरचा कोण येणार?’ हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद. दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ला झाला, तेव्हा पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. नोंदणीपासून अहवालांपर्यंतची कामे पुढे बरेच दिवस हाताने करावी लागली. तो हल्ला कंटेनरमधून झाला असे माझे म्हणणे नाही. मात्र केंद्र सरकारने संसदेत त्याचे जे कारण सांगितले ते इथे लागू पडते. नेटवर्कचे विभाग नीट वेगळे केलेले नव्हते. म्हणजे एका खोलीत शिरलेल्याला सगळा वाडा मोकळा. अहवाल वेळेत न मिळणे, रक्तगटाची किंवा ॲलर्जीची नोंद न दिसणे याचा अर्थ रात्रपाळीच्या डॉक्टरला नेमका कळतो.

तंत्रज्ञाला दोष देऊन हे सुटणार नाही. ओपीडीसमोर रांग लागली असताना त्याला ‘काहीही करा, पण चालू करा’ असे सांगणारे आम्हीच असतो. खर्चाची सबबही फारशी टिकत नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा व्यवस्था सर्टिफिकेट मोफत देते आणि त्यांचे नूतनीकरण आपोआप होऊ शकते. रजिस्ट्री इंटरनेटवर नसेल तर संस्थेने स्वतःचे मूळ सर्टिफिकेट तयार करून ते प्रत्येक सर्व्हरवर एकदा बसवावे. अशा अंतर्गत सर्टिफिकेटला ४७ दिवसांची अट लागू नाही.

सर्टिफिकेट ही दुकानाची ओळख आहे, औषधाची नव्हे, हेही ध्यानात हवे. नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत पोचलेल्या बनावट प्रतिजैविकांचे प्रकरण २०२४ मध्ये गाजले. ती औषधे रीतसर खरेदीच्या वाटेनेच आली होती. त्यामुळे रजिस्ट्रीची ओळख पटल्यावरही इमेजवर निर्मात्याची डिजिटल सही आहे का, ते पाहावे लागते.

औषधांच्या निविदेत आपण बॅच क्रमांक आणि तपासणी अहवाल मागतो. रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरच्या निविदेत निदान तीन ओळी घालता येतील: सर्टिफिकेट तपासणी कुठेही बंद ठेवलेली नाही याची लेखी हमी, इमेज सहीसह आणि नेमक्या आकड्यानिशी देण्याची अट, आणि सर्टिफिकेटचे नूतनीकरण कोण करणार त्याचे नाव. तिसरी ओळ सर्वांत आधी लिहावी. मुदत संपते तेव्हा त्या माणसाचा फोन नंबर कोणाकडेच नसतो.