धूर कुणी काढायचा?

सोलापूर-धुळे महामार्गाने बीडकडे येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाट्या दिसतात. ‘चुलीवरचे मटण’, ‘चुलीवरची भाकरी’. शहरातली मंडळी मुद्दाम गाडी थांबवून जेवतात. चुलीवरच्या भाकरीला चव असते हे मलाही मान्य आहे. ज्वारीची भाकरी निखाऱ्यावर जशी टम्म फुगते तशी गॅसवर फुगत नाही. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. चुलीचे कौतुक करणारा माणूस बहुधा चुलीपुढे बसणारा नसतो.

गॅस आला म्हणजे चूल गेली, असे आपण धरून चालतो. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि आमच्याकडच्या खेड्यांतही घरोघरी शेगड्या पोचल्या. हे मोठेच काम झाले. पण सकाळी खेड्यात जाऊन पाहा. चहा आणि पाहुण्यांचे पोहे गॅसवर, तर अंघोळीचे पाणी, भाकरी आणि डाळ चुलीवर. सिलिंडरला रोख पैसे मोजावे लागतात. पऱ्हाट्या आणि तुराट्या स्वतःच्या शेतात असतात, वेडी बाभूळ तर बांधावर हवी तेवढी. ऊसतोडीला गेलेल्यांचा सिलिंडर घरी कुलपात राहतो आणि कोपीपुढे तीन दगडांची चूल पेटते. तेव्हा चूल अजून बरीच वर्षे राहणार, हे कबूल करून मगच बोलावे.

आमची जुनी घरे माळवदाची. मातीच्या धाब्याला चुलीच्या वर एक भोक ठेवलेले असे, त्याला साणे म्हणत. त्यातून उजेड आत येई आणि धूर बाहेर जाई. सगळा जात नसे, पण वाट तरी होती. पुढे माळवदे पडली, पत्रे आले, स्लॅब आले. घर पक्के झाले आणि साणे गेले. चूल मात्र तीच, कोपऱ्यात, भिंतीला टेकून. म्हणजे घर सुधारले आणि स्वयंपाकघरातला धूर वाढला! नवे घर बांधताना टीव्ही कुठे ठेवायचा याची चर्चा होते, धूर कुठून जाणार हे कुणी विचारत नाही. कारण चर्चा करणारे ओसरीवर बसलेले असतात.

या धुराचे काय होते हे आता गुपित राहिलेले नाही. कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८१ मध्ये गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो हे मोजले. त्यानंतर जगभर यावर अभ्यास झाले. दमा, जुनाट खोकला, लहान मुलांचा न्यूमोनिया या सगळ्यांशी धुराचा संबंध आहे. माझ्या सासूबाईंना दवाखान्यात नेले तेव्हा छातीचा फोटो पाहून डॉक्टरांनी विचारले होते, “आजी, विडी ओढता का?” जन्मात विडीला हात न लावलेली ती बाई नुसती हसली. पन्नास वर्षे चुलीला फुंकर घातल्यावर वेगळी विडी कशाला ओढायची?

धूर कमी करण्याचे प्रयत्न काही कमी झाले नाहीत. वर्ध्याच्या मगनवाडीतून मगन चूल निघाली. केंद्र सरकारने १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २००२ मध्ये तो थांबवला. तोवर कोट्यवधी चुली वाटून झाल्या होत्या. बऱ्याच ठिकाणी पुढे काय झाले? चुलीचे तोंड लहान, त्यात लांब पऱ्हाटी जाईना. भाकरी शेकायला तोंडाशी निखारा ओढायला जागा नाही. धुराडे काजळीने भरले की धूर पुन्हा घरात, आणि मग बायकांनीच ती चूल फोडली. ओडिशात एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे २६०० कुटुंबांचा अभ्यास केला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुधारित चुलींनी पहिल्या वर्षी धूर कमी झाला, पुढे तो फायदा उरला नाही. चुली दुरुस्त झाल्या नव्हत्या, धुराडी साफ झाली नव्हती.

मला यातून एकच गोष्ट दिसते. चूल बसवणे सोपे आहे, तिची निगा राखणे अवघड आहे. आणि ती निगा कुणी राखायची हे घरात ठरत नाही.

गावाकडे माझ्या धाकट्या जावेच्या घरी आम्ही गेल्या वर्षी जुन्या चुलीचेच काम करून घेतले. ओटा करायचा विचार होता. जाऊ म्हणाली, “अक्का, मला बसूनच भाकरी थापायची सवय हाय. उभी ऱ्हाऊन जमायचं न्हाई.” ओटा रद्द केला. चुलीचे तोंड तिच्या पऱ्हाट्यांच्या मापाचे ठेवले. आत भंगारातल्या सळयांची जाळी बसवली, म्हणजे खालून हवा मिळते आणि राख खाली पडते. मागच्या वैलाखालून वाट काढून पत्र्याचा पाइप भिंतीतून बाहेर नेला आणि स्लॅबच्या वर दोन फूट उभा केला. वर पावसासाठी टोपी. पाइप प्लॅस्टिकचा घेऊ नये, तो वितळतो. वळणेही कमीत कमी ठेवावीत, काजळी तिथेच साठते. माती, भुसा, शेण घरचेच. पाइप, टोपी आणि गवंड्याची मजुरी मिळून अडीच हजारांच्या आत काम झाले. एका साध्या मोबाइलपेक्षा कमी!

पण खरी सुधारणा वेगळीच आहे. दर अमावास्येला काठीला चिंध्या बांधून पाइप साफ करायचा, हे काम तिच्या मुलाकडे दिले आहे. पहिल्या महिन्यात तो कुरकुरला. आता निमूट वर चढतो. भाकरी तोही खातो, मग काजळी एकट्या आईनेच का काढायची?

सरकारलाही एक सांगणे आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या नियमांत घरकुल किमान २५ चौरस मीटरचे आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकाची जागा असावी असे लिहिले आहे. नियम चांगला आहे. पण लाभार्थ्याच्या घरी चूल पेटणार हे ठाऊक असताना नकाशात धुराड्याचे भोक दाखवायला काय हरकत आहे? बांधतानाच ठेवले तर त्याला फारसा खर्च येत नाही, नंतर भिंत फोडायची कुणाचीच तयारी नसते.

गॅस परवडत असेल तर गॅसच वापरावा, याबद्दल माझे दुमत नाही. परवडत नसेल त्यांनी निदान धुराला वाट द्यावी. दिवाळीला रंग काढायचा असेल तर यंदा एक भिंत बिनरंगाची राहू द्या आणि त्या पैशांत पाइप आणा. आणि तो कुठे बसवायचा हे चुलीपुढे बसणारीला विचारा, गवंड्याला नंतर.