साहस आणि सावधगिरी

मोखाडा तालुक्यातील खोडाळा हे गाव डोंगरांच्या कुशीत वसलेले आहे. तेथून समुद्र दिसत नाही. तरीही समुद्राच्या एका मोठ्या सामर्थ्याची ओळख तेथील मुलांना आपल्याच तालुक्यात होऊ शकते. कोचाळे गावाजवळ वैतरणा नदीवर मध्य वैतरणा धरण बांधलेले आहे. त्याची उंची सुमारे १०० मीटर आहे. अशा धरणाची भिंत माथ्याशी अरुंद, परंतु पायथ्याशी पुष्कळ रुंद असते. पाणी जितके खोल, तितका त्याचा दाब अधिक, हेच याचे कारण होय. १०० मीटर खोलीवर पाणी अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर सुमारे १० किलोग्रॅम भाराने रेटत असते. धरण बांधणाऱ्यांनी या दाबाचे गणित आधी मांडले आणि मग भिंत उभारली.

आता महासागराचा विचार करावा. उत्तर अटलांटिक महासागरात सुमारे ३८०० मीटर खोलीवर 'टायटॅनिक' जहाजाचे अवशेष पडले आहेत. तेथे नखाएवढ्या जागेवर सुमारे ३८० किलोग्रॅमचा भार येतो. म्हणजे शंभर किलोची जवळजवळ चार पोती एका नखावर ठेवावीत, तसा. हा भार केवळ वरून नव्हे, तर सर्व बाजूंनी येतो. अशा ठिकाणी माणसाला न्यावयाचे, तर त्याच्याभोवतीचे कवच किती भक्कम असले पाहिजे!

१८ जून २०२३ रोजी 'टायटन' नावाची एक लहान पाणबुडी हे अवशेष पाहण्यासाठी पाच माणसांना घेऊन खाली निघाली. 'ओशनगेट' या खाजगी अमेरिकन कंपनीने ती बांधली होती. एका आसनाचे मोल अडीच लाख डॉलर, म्हणजे सुमारे दोन कोटी रुपये होते. पावणेदोन तासांनी तिचा वरच्या जहाजाशी असलेला संपर्क तुटला. अनेक देशांची जहाजे आणि विमाने चार दिवस तिचा शोध घेत राहिली. अखेर २२ जून रोजी 'टायटॅनिक'पासून सुमारे ५०० मीटर अंतरावर तिचे तुकडे सापडले. पाण्याच्या दाबाने ती क्षणार्धात चिरडली गेली होती. पाचही जण मरण पावले. त्यांत एक अवघा १९ वर्षांचा तरुण होता.

या अपघाताला केवळ दैव कारण होते काय? तसे म्हणता येत नाही. एवढ्या खोलीवर माणसे नेणाऱ्या पाणबुडीचे कवच बहुधा धातूच्या गोलाचे असते. गोलावर दाब सर्वत्र सारखा वाटला जातो. 'टायटन'चे कवच मात्र लांबट नळीसारखे असून ते कार्बनच्या तंतूंचे होते. हे तंतू ताण उत्तम सोसतात. परंतु वारंवार येणाऱ्या प्रचंड दाबाखाली ते किती काळ टिकतील, हे पुरेसे सिद्ध झालेले नव्हते. २०१८ सालीच कंपनीतील एका जाणत्याने धोक्याची सूचना दिली. त्याला नोकरी गमवावी लागली. त्याच वर्षी या क्षेत्रातील तीसहून अधिक तज्ज्ञांनी पत्र लिहून आपली चिंता कळविली. २०२२ सालच्या एका सफरीत मोठा आवाज झाला आणि कवचाला इजा झाल्याची चिन्हे उपकरणांनी टिपली. तरीही पुढच्या वर्षी त्याच पाणबुडीत प्रवासी बसविण्यात आले. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने ऑगस्ट २०२५ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला आणि हा अपघात टाळता येण्यासारखा होता, असा निष्कर्ष काढला.

जहाजांची पारख करणाऱ्या संस्था जगात आहेत. त्या बांधणाऱ्याहून वेगळ्या असतात आणि जहाजाची रचना, धातू, जोड व उपकरणे तपासून मगच प्रमाणपत्र देतात. 'टायटन'ची अशी पारख झालेलीच नव्हती. अशा तपासणीमुळे नव्या कल्पनांची वाट अडते, असे कंपनीचे म्हणणे होते.

या म्हणण्यात सत्याचा अंश नाही, असे नाही. केवळ जुन्या वाटेनेच सर्वांनी जावे असा हट्ट धरला असता, तर माणसाने ना सागर ओलांडला असता, ना आकाशात झेप घेतली असती. शिवाय कंपनीचा प्रमुख स्टॉक्टन रश हा स्वतः त्या पाणबुडीत होता आणि तोही प्राणास मुकला. तो भित्रा नव्हता. परंतु निर्भयता म्हणजे पुरावा नव्हे. एखाद्याचा आपल्या नावेवर कितीही विश्वास असला, तरी त्या विश्वासाने नावेची भेग बुजत नाही.

येथे दोन गोष्टींतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. एखादा शोधक आपल्या कसोटीला स्वतः उतरतो, तेव्हा तो आपला प्राण पणाला लावतो. परंतु जो दुसऱ्याकडून पैसे घेऊन त्याला आसन देतो, तो दुसऱ्याचा प्राण पणाला लावतो. प्रवाशाला कवचाच्या आत डोकावता येत नाही. 'टायटन'च्या प्रवाशांनी धोका मान्य असल्याच्या कागदावर सही केली होती. पण सही केल्याने ज्ञान येत नाही. प्रवाशाला जे पाहता येत नाही, ते त्याच्या वतीने कोणी तरी निःपक्षपातीपणे पाहिले पाहिजे.

तपासणी साहसाची वैरीण नाही, याचीही उदाहरणे आहेत. व्हिक्टर व्हेस्कोव्हो या गृहस्थांनी स्वतःच्या खर्चाने एक पाणबुडी बांधून घेतली. तिचे कवच टायटॅनियम धातूच्या गोलाचे होते आणि तिने रीतसर प्रमाणपत्रही मिळविले. २०१९ साली तीतून ते जवळजवळ ११,००० मीटर खोल जाऊन सुखरूप परतले. म्हणजे दोष खाजगीपणाचा नाही. पारख टाळण्याचा आहे. भारतातही चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने 'मत्स्य ६०००' ही पाणबुडी घडविण्याचे काम हाती घेतले आहे. तिघा जणांना ६००० मीटर खोल नेण्याचा तिचा उद्देश आहे. तिच्या टायटॅनियमच्या गोलाची भिंत ८० मिलिमीटर जाडीची योजली आहे. मात्र २०२५ च्या आरंभी तिची चाचणी घेतली, ती खोल सागरात नव्हे, तर कट्टुपल्ली बंदराच्या उथळ पाण्यात. एकेक पायरी चढत जाणे याचेच नाव शास्त्र.

हा प्रश्न महाराष्ट्रालाही दूरचा नाही. जानेवारी २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका सिंधुदुर्गातील निवतीच्या खडकाजवळ समुद्रतळी बसवावी आणि पर्यटकांना पाणबुडीतून ते दृश्य दाखवावे, अशी योजना राज्याने आखली आहे. योजना मनोहर आहे. तेथील पाणीही 'टायटॅनिक'च्या स्थळाइतके खोल नाही. परंतु उथळ पाण्यातही हयगय घातक ठरते. २७ मार्च २०२५ रोजी इजिप्तमधील हुर्घाडा येथे किनाऱ्यापासून जवळच पर्यटकांची एक पाणबुडी बुडाली आणि सहा जणांचा अंत झाला. खोडाळ्याच्या मुलांना तर इतके दूर पाहण्याचीही गरज नाही. त्यांच्याच पालघर जिल्ह्यात, डहाणूच्या समुद्रात, १३ जानेवारी २०१८ रोजी सुमारे ४० विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली नाव उलटली आणि तीन विद्यार्थिनी घरी परतल्या नाहीत.

म्हणून नाव लहान असो वा पाणबुडी मोठी असो, तीत पाऊल ठेवण्यापूर्वी काही प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. तिची तपासणी कोणी केली? ती किती माणसांसाठी आहे? प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट आहे काय? असे विचारणारा मुलगा किंवा मुलगी भित्री ठरत नाही. सागराचा तळ पाहण्याची हौस अवश्य बाळगावी. कदाचित उद्या खोडाळ्याचीच एखादी मुलगी अशा पाणबुडीची रचना करील. तिने तेव्हा कोचाळ्याच्या त्या भिंतीचे स्मरण ठेवावे. पाणी कोणाच्या धैर्याची परीक्षा घेत नाही. ते भिंतीची परीक्षा घेते. ती परीक्षा माणसाने आधीच घेतलेली असावी, हे बरे.