मुलांचा बाजार आणि आपला हिशेब

मे महिन्यात भर दुपारी श्रीरामपूरचे रस्ते ओस पडतात. उन्हे कलली की मात्र आमच्या वसाहतीतील मोकळ्या भूखंडावर, कडुनिंबाखाली, बाजार भरतो. करवंट्यांचा तराजू, खडे म्हणजे बटाटे, वाळू म्हणजे साखर. शेजारी साखर कारखानाही चालू असतो. दोन मुले बैल होतात, एक गाडीवान, आणि वजनकाट्यावरचा चिमुरडा साहेबी थाटात पावती फाडतो.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने तेथे शिकावे असे पुष्कळ आहे. प्रारंभी नोटा म्हणून कडुनिंबाची पाने चालत. एकाने अख्खी फांदी ओरबाडून आणली आणि घटकाभरात भाव कडाडले. तेव्हा मुलांनी बैठक घेऊन चिंचोके हे चलन ठरविले व ते मोजून वाटले. चलनवाढीचा हाच धडा पदवीच्या वर्गाला समजावताना माझे दोन तास खर्ची पडतात. शिवाय, उद्या गिऱ्हाईक होण्याच्या कबुलीवरच आज दुकानदार होता येते. पत, पाळी आणि तडजोड यांचे हे शिक्षण कोणी वडीलधारा देत नाही. काल्पनिक खेळात मूल स्वतःहून नियमांना बांधून घेते, हे रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांनी १९३३ मध्येच प्रतिपादले होते.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील ३१ व्या कलमाने खेळाचा हक्क मान्य केला. भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. परंतु हक्काला जागा लागते. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमान्वये क्रीडांगणासाठी जमीन आरक्षित करता येते. मात्र दहा वर्षांत ती संपादित न झाल्यास, मालकाने नोटीस दिल्यावर व तिची मुदत उलटल्यावर, कलम १२७ प्रमाणे आरक्षण संपुष्टात येते. यात मालकाचा दोष नाही. भूखंडाला बाजारभाव आहे, खेळाला नाही. आणि ज्याला भाव नाही त्याचे मोल आपण शून्य धरतो.

उन्हाळी शिबिरे आहेतच, असे कोणी म्हणेल. पण शिबिरात मूल सांगितलेले करते. कडुनिंबाखाली ते स्वतः ठरविते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक केले आहे. ही मैदाने सुट्टीत कुलूपबंद का असावीत? सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास ती उघडावीत. पालकांनी आळीपाळीने देखरेखीस बसावे. खेळात मात्र पडू नये. आमच्या भूखंडावर आज ना उद्या इमारत उठेल. तत्पूर्वी या चिंचोक्यांच्या व्यापाऱ्यांना दुसरी पेठ मिळाली पाहिजे.