पाण्याचे मुद्दल

शाश्वत शेती हा शब्द अलीकडे वारंवार कानी पडतो. परंतु त्यातील तत्त्व जुनेच आहे. व्याजावर प्रपंच चालवावा, मुद्दलास हात लावू नये, हा तो व्यवहार होय. भूजल हे गावाचे मुद्दल असून दरसालच्या पावसाचे मुरलेले पाणी हे त्यावरील व्याज होय.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या कातळावर वसलेला आहे. या कातळात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या मुरमात व भेगांत. त्यामुळे साठा अल्प असतो. खोल विंधण विहिरीस लागलेले पाणी पुष्कळदा शेजारच्या उथळ विहिरीचेच असते. ज्याच्यापाशी पैसा असतो तो अधिक खोल जातो. ज्याच्यापाशी नसतो त्याची विहीर आटते. अखेरीस साऱ्या गावावर पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहण्याची पाळी येते.

बांधबंदिस्ती व नालाबांध ही कामे अवश्य करावीत. परंतु उपसा बेबंद राहिल्यास ते श्रम व्यर्थ जातात. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पाणलोटाच्या कामांबरोबरच शेतीसाठी विंधण विहिरी घेण्यास बंदी केली व पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची प्रथा पाडली. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायतीची चळवळ उभारली. तीत पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरविता कुटुंबातील माणसांवर ठरविण्यात आला. भूमिहीनांसही हक्क मिळाला आणि उसास मज्जाव झाला.

यावर आक्षेप असा की, उसास विक्रीची जेवढी खात्री आहे, तेवढी ज्वारी-हरभऱ्यास नाही. हा आक्षेप खरा आहे. शिवाय एकट्याने संयम पाळला, तर त्याने राखलेले पाणी दुसऱ्याच्या पंपातून निघून जाते. म्हणूनच एकट्यादुकट्या शेतकऱ्यास दोष देणे अन्यायाचे होईल. मुद्दल सर्वांचे, तेव्हा निर्णयही ग्रामसभेनेच करावयास हवा.

हिशेब अवघड नाही. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी मिळाले. अर्थात त्यातील काही भागच मुरतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळा सरताच विहिरींची पातळी मोजून ती ग्रामसभेपुढे ठेवावी. माणसांचे व गुराढोरांचे पाणी प्रथम बाजूस काढावे आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीचे क्षेत्र ठरवावे. पेरणी झाल्यावर हिशेब मांडून उपयोग नाही; तो पेरणीपूर्वीच मांडला पाहिजे.